प्रोटीन साठतं म्हणून बाबांची डाळ बंद केली

ठाण्याच्या पाचपाखाडीतून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. "बाबा ५९ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी एएलएसचं (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) निदान झालं. बोलणं जड झालंय, पाणी पिताना ठसका लागतो, जेवायला पाऊण तास लागतो. डॉक्टर म्हणाले, या आजारात मज्जापेशींमध्ये टीडीपी-४३ नावाचं प्रोटीन साठतं. हे ऐकून आत्याने डाळ, दूध, अंडी बंद करायला लावली. शेजारच्या काकांना पार्किन्सन्स आहे, त्यांनाही डाळीचं पथ्य सांगितलंय, म्हणून आम्हाला ते पटलं. गणपतीत बाबा ६६ किलो होते, आता ६१ आहेत. दादाने वाचलं की हे प्रोटीन एका पेशीतून दुसरीत पसरतं, तेव्हापासून त्यांची ताटवाटी वेगळी ठेवतो. हळदीच्या कॅप्सूल चालू आहेत. बाबा हल्ली तीन उशा घेऊन झोपतात, सकाळी डोकं जड असतं, म्हणून ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलंय. स्टेम सेल करावं का? आणि मला किंवा दादाला हे होईल का?"

ताई, डाळ आज रात्रीच्या जेवणापासून परत सुरू करा. दूध, दही, अंडी, पनीरही. आणि बाबांच्या श्वासाची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. ती का, ते खाली येईलच.

आत्यांचा तर्क ऐकायला चोख आहे. साठतंय ते प्रोटीन, डाळीत असतं ते प्रोटीन, मग डाळ बंद. घोटाळा शब्दाचा आहे. ताटातलं प्रोटीन जसंच्या तसं मज्जापेशीत पोचत नाही. जठरात आणि लहान आतड्यात त्याचे तुकडे होत होत अमिनो आम्लं उरतात, तेवढीच रक्तात जातात. टीडीपी-४३ ही ४१४ अमिनो आम्लांची साखळी आहे, आणि पेशी ती स्वतःच्या जनुकातली कृती वाचून स्वतःच तयार करते. तुमच्या पेशी करतात, आत्यांच्याही करतात. डाळ बंद केल्याने पेशी ते बनवायचं थांबवत नाही. बाहेरून अमिनो आम्लं कमी पडली की शरीर ती स्नायू मोडून मिळवतं. ज्या आजारात स्नायू आधीच सुकताहेत, त्यात हे म्हणजे गळक्या टाकीला आणखी एक भोक पाडण्यासारखं आहे.

शेजारच्या काकांचं पथ्य खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं. पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपाची गोळी देतात. लेव्होडोपा हे स्वतःच अमिनो आम्लाच्या जातीचं औषध. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना ते डाळी-अंड्यातल्या अमिनो आम्लांच्याच दारातून जातं. दोन्ही एकदम आली की दारात गर्दी होते आणि गोळीचा असर उतरतो. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात, काहींना प्रोटीनचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यायला सांगतात. पार्किन्सन्समध्येही प्रोटीन साठतंच, त्याचं नाव आल्फा-सिन्युक्लिन. पण काकांच्या डाळीचा त्या साठ्याशी काहीही संबंध नाही. बाबा लेव्होडोपा घेत नाहीत, त्यामुळे त्यांना हे पथ्यच लागू होत नाही.

आता त्या टीडीपी-४३ कडे वळू, कारण घरात त्याचं भूत झालेलं दिसतं. हे मुळात वाईट प्रोटीन नाही. त्याची जागा पेशीच्या केंद्रकात, आणि काम मुद्रितशोधकाचं. जनुकावरून नक्कल निघते तेव्हा मध्येच घुसलेल्या निरर्थक ओळी ते वगळतं. एएलएसमध्ये हा मुद्रितशोधक केंद्रकातली खुर्ची सोडून बाहेर पेशीद्रवात जातो आणि तिथे त्याचे गोळे होतात. नुकसान दोन बाजूंनी होतं. बाहेर गोळे अडचण करतात, आणि आत खुर्ची रिकामी राहिल्याने नको त्या ओळी तशाच छापल्या जातात. स्टॅथमिन-२ नावाचं एक प्रोटीन चेतातंतूच्या देखभालीला लागतं. त्याची नक्कल अशीच बिघडते आणि ते पुरेसं बनत नाही. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब तंतू सांभाळणाऱ्या पेशीला हा फटका साधा नसतो. म्हणूनच "साठलेला कचरा काढून टाकतो" असं सांगणाऱ्या उपचाराकडे जरा सावधपणे पाहा. रिकाम्या खुर्चीचं तो काय करणार?

पेशीकडे स्वतःची सफाई असते. बिघडलेल्या प्रोटीनला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची चिठ्ठी लागते, मग ते मोडीत निघतं. गंमत अशी की एएलएसच्या मज्जापेशींत चिठ्ठी लागलेले गोळे आधीपासून दिसत होते. म्हणजे कचरा दाराशी ठेवलेला, वर चिठ्ठीही आहे, घंटागाडी मात्र आलीच नाही. त्या गोळ्यांत मुख्यतः टीडीपी-४३ असतं हे २००६ मध्ये कळलं. एएलएसच्या १०० पैकी सुमारे ९७ रुग्णांत ते सापडतं. इतर पेशी विभागून कचरा वाटून तरी टाकतात. मज्जापेशी विभागत नाहीत, जे साठेल ते त्यांच्यातच राहतं. अल्झायमरमध्ये साठतात ती अमायलॉइड आणि टाऊ. हल्ली बातम्यांत येणारी अमायलॉइड काढणारी इंजेक्शनं बाबांना उपयोगाची नाहीत ती म्हणूनच. ती ज्याला धरतात ते प्रोटीन इथे आरोपीच नाही. आणि जिवंत माणसातला टीडीपी-४३ चा साठा मोजून देणारी, रोजच्या वापरातली रक्ततपासणी किंवा स्कॅन आज नाही. कुणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.

पसरण्याबद्दल दादाने वाचलं ते चूक नाही, पण अर्धवट आहे. एका पेशीतलं बिघडलेलं प्रोटीन शेजारच्या पेशीतल्या चांगल्याला बिघडवतं, असं प्रयोगांत दिसतं. पण हा पसार त्याच माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत होतो. उष्ट्यातून, लाळेतून, एका ताटात जेवल्याने एएलएस होत नाही. ताटवाटी आजच एकत्र करा. बाबा काही बोलले नसतील, पण त्यांनी ते पाहिलेलं असणार.

वजनाकडे येऊ. ६६ वरून ६१ म्हणजे साडेसात टक्के. एएलएसमध्ये पाच टक्क्यांची घटसुद्धा गांभीर्याने घेतात, कारण वजन टिकलेले रुग्ण जास्त काळ तग धरतात. बाबांना ढोबळमानाने दिवसाला १८०० ते २१०० कॅलरी आणि ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन लागेल. (मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर हा आकडा आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्या.) दोन वाट्या घट्ट वरण म्हणजे साधारण १३ ग्रॅम, दोन अंडी १२, ४०० मिली दूध १३, पन्नास ग्रॅम पनीर ९, वाटीभर दही ५. उरलेलं भात, रवा, नाचणीतून येतं. कॅलरी वाढवायला सर्वांत सोपं साजूक तूप, चहाच्या एका चमच्याला ४५ कॅलरी. इथे कोलेस्टेरॉलची काळजी जरा बाजूला ठेवायला हरकत नाही, आधी वजन.

पण काय द्यायचं यापेक्षा कसं द्यायचं हे जास्त अवघड आहे. ठसका सर्वांत आधी पातळ पदार्थाला लागतो, कारण पाणी घशात वेगाने धावतं आणि गिळायची हालचाल उशिरा होते. त्याखालोखाल धोक्याचे ते पदार्थ, ज्यात पातळ आणि दाणेदार एकत्र असतं. नेहमीचा वरणभात घ्या. वरण आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात. म्हणून भात गुरगुट्या करा, वरण घोटून घट्ट करा, दोन्ही तुपासकट एकत्र मळून घ्या. चमचा तिरका केल्यावर धार न लागता गोळा सुटला पाहिजे. फोडणी द्यायचीच असेल तर तुपात देऊन गाळा. मोहरी, कढीपत्त्याचा तुकडा, कोथिंबिरीचा देठ घशाच्या खाचेत अडकून बसतात आणि जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी ठसका लावतात. पोहे, चुरमुरे, कोरडी भाकरी, दाण्याचं कूट बंद. मऊ शिरा, नाचणीचं सत्त्व, घट्ट दही, कुस्करलेलं केळं, मऊ ऑम्लेट चालेल. पाणी आणि चहा घट्ट करायची पावडर औषधाच्या दुकानात मिळते. किती घट्ट, ते गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट ठरवून देतील. तेवढी एक भेट नक्की घ्या.

खाताना ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले, गिळताना हनुवटी किंचित छातीकडे. टीव्ही बंद, गप्पाही घास गिळून झाल्यावर. पाऊण तासाचं एक जेवण थकवतं, त्याऐवजी वीस-वीस मिनिटांची पाच करा. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका, आणि गालाच्या आत काही उरलंय का ते बोटाला ओला कपडा गुंडाळून बघा. वजन दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर, वहीत.

पोटातून नळी म्हणजे पेग. हा विषय बहुतेक घरांत "अजून वेळ आहे" म्हणून पुढे ढकलला जातो, आणि मग खरंच वेळ निघून जाते. नळी एंडोस्कोपीने बसवतात, त्यासाठी गुंगी द्यावी लागते, आणि फुप्फुसांची क्षमता म्हणजे एफव्हीसी ५० टक्क्यांच्या वर असताना ते जास्त सुरक्षित असतं. तुमच्या पत्रातले ठसका, पाऊण तास आणि पाच किलो हे तिन्ही मिळून नळीबद्दल बोलायची वेळ आली आहे असंच सांगतात. नळी बसवली म्हणजे तोंडाने खाणं संपलं असं नाही. पोट नळीने भरतं, चवीपुरता आमरस किंवा श्रीखंड चमच्याने देता येतं, फक्त थेरपिस्टांनी होकार द्यायला हवा. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी सोडलं नाही तर नळी तुंबते. बहुतेक नळ्या याच एका आळसाने तुंबतात.

आता तीन उशा. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण अख्ख्या पत्रात सर्वांत तातडीचं वाक्य तेच आहे. आडवं झाल्यावर दम लागणं आणि सकाळी डोकं जड असणं याचा अर्थ बहुधा असा की श्वासाचा पडदा कमजोर झालाय आणि रात्री कार्बन डायऑक्साइड साठतोय. अशा वेळी नुसता ऑक्सिजन देणं घातक ठरू शकतं. फुप्फुसं चांगली आहेत, भाता ओढणारा स्नायू थकलाय. ऑक्सिजनने बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तो त्या यंत्रावर दिसतच नाही. श्वासाला जोर देण्याचा मेंदूचा इशाराही ऑक्सिजनमुळे मंदावू शकतो. तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करा, मशीन चालू आहे हे सांगा आणि त्यांच्या सल्ल्याशिवाय ते वापरू नका. झोपेची गोळी तर अजिबात नाही. बाबा दिवसा गुंगीत राहू लागले, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसूनही दम लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या आणि दारातच "एएलएस आहे, कार्बन डायऑक्साइड तपासा" असं सांगा.

त्यांना लागेल ते बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. भाड्याच्या दुकानात विचारलं की कधीकधी सीपॅप हातात देतात, दिसायला दोन्ही सारखीच. सीपॅप एकच दाब देतं, ते घोरण्याच्या आजारासाठी आहे. कमजोर स्नायूंना त्याविरुद्ध श्वास सोडणं उलट जड जातं. मागायचं ते बायपॅप एसटी, म्हणजे रुग्णाने श्वास घ्यायचा राहिला तर यंत्र स्वतः देतं. दाब किती ते डॉक्टर ठरवतील, दुकानदार नाही. एफव्हीसी बसून आणि आडवं पडून अशी दोन्ही घ्यायला सांगा. पडद्याची कमजोरी आडवं झाल्यावर उघडी पडते. बाबांचे ओठ नळीभोवती नीट मिटत नसतील तर आकडा खोटा कमी येतो, अशा वेळी नाकातून जोरात हुंगण्याची चाचणी किंवा मास्क लावून मोजणी करतात. सोबत रक्तवायूची तपासणी, जमल्यास सकाळी उठल्या उठल्या.

मास्क पहिल्याच रात्री लावला की माणूस घाबरतो आणि काढून फेकतो. दुपारी खुर्चीत बसवून, क्रिकेट लावून अर्ध्या तासाने सुरुवात करा. दोन आठवड्यांत रात्रीचे चार तास गाठले तरी चांगलं. नाकावर लाल वळ आला तर पट्टा सैल करा, नाहीतर मास्कचा आकार बदला. महावितरणची वीज गेली तर काय, याची सोय आधी करा. बायपॅप इन्व्हर्टरवर चालतं, पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त टिकते.

औषध. रिलुझोल चालू असेल असं धरते. ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. तुपाच्या जेवणासोबत घेतलं तर कमी शोषलं जातं, आणि आपण तर तूप वाढवतोय, म्हणून घड्याळ पाळा. आयुष्य काही महिन्यांनीच वाढतं, हे खरं, तरी घ्यावं. पहिले तीन महिने दर महिन्याला यकृताची तपासणी. गोळी कुटून जामातून देऊ नका, तिच्या पुडीने तोंड बधिर होतं आणि गिळणं आणखी बिघडतं. हळदीच्या कॅप्सूल इथेच थांबवा. परीक्षानळीत हळदीतलं कर्क्युमिन गोळे होणं कमी करतं, माणसांत फायदा सिद्ध झालेला नाही, आणि तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत. रिलुझोलच्या जोडीला ते नकोच. वरणातली हळद असू द्या.

तुमचा आणि दादाचा प्रश्न. १० पैकी ९ रुग्णांत घराण्यात दुसरं कुणी नसतं. पण जनुक तपासणी सगळ्यांनाच करून घ्यावी असं आता सुचवतात, आणि ती आधी बाबांची, तुमची नाही. एसओडी-१ या जनुकात दोष निघाला तर साठणारं प्रोटीनही वेगळं असतं, आणि त्याच दोषासाठी टोफर्सन हे कण्यातून द्यायचं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय. लॅबला एक प्रश्न विचारा: "सी-नाइन-ओआरएफ-७२ वेगळं पाहणार का?" या जनुकातला दोष म्हणजे एक तुकडा शेकडो वेळा परत परत आलेला असतो, आणि नेहमीच्या एक्झोम तपासणीत (जनुकांतले प्रोटीनची कृती असलेले भाग वाचणारी) तो निसटतो. त्याला वेगळी पीसीआर लागते. बाबांत दोष सापडला तरच तुमच्या तपासणीचा विचार करा, तोही जनुकीय समुपदेशन घेऊन. अशा दोषांत मुलांकडे तो जायची शक्यता सहसा निम्मी असते, आणि उत्तर एकदा कळलं की ते परत विसरता येत नाही.

स्टेम सेल नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतात. केंद्राने "आमची चाचणी आहे" म्हटलं तर सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा. चाचणीतल्या उपचाराचे रुग्णाकडून लाखो रुपये घेत असतील तर तिथून उठा. त्याच पैशांत चांगलं बायपॅप आणि रात्रीचा मदतनीस येतो.

एक राहिलं. टीडीपी-४३ मेंदूच्या पुढच्या भागातही साठू शकतं. बाबा हट्टी किंवा एकदम अलिप्त वाटू लागले, एकच पदार्थ परत परत मागू लागले, व्यवहारात भलताच निर्णय घेऊ लागले, तर तो स्वभाव समजू नका, न्यूरॉलॉजिस्टना सांगा. बँकेची, विम्याची कागदपत्रं आणि नळी-व्हेंटिलेटरबद्दलची त्यांची स्वतःची इच्छा आत्ताच विचारून लिहून ठेवा, बोलणं समजतंय तोवर. पाटी-पेन्सिल खुर्चीजवळ असू द्या. आणि आत्यांना वरण घोटायला बसवा, त्यांनाही काहीतरी करायचंच होतं.